भीमाशंकर-आहुपे की आंबोली? तंबू घेऊन धबधबे बघायला निघणाऱ्यांसाठी

जूनचा पाऊस लागला की ओळखीतल्या चार-पाच जणांचा तरी फोन येतो. दोन दिवसांची रजा टाकली आहे, तंबू आहे, दाट जंगल आणि धबधबे बघायचेत, पुण्याहून कुठे जाऊ? देवकुंड मी पहिल्यांदा बाद करतो. भिऱ्याहून जाणारी ती वाट पावसाळ्यात बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंदच असते, आणि तो आदेश योग्य आहे. दूधसागरच्या रुळांवरून चालत जायला रेल्वेने मनाई केली आहे, शिवाय गोव्यातल्या कुळ्यातून सुटणाऱ्या जीपही पावसाळा सरल्यावरच सुरू होतात. मग खऱ्या अर्थाने सदाहरित म्हणावं असं जंगल आणि पाणी दोन्ही मिळेल अशा दोन जागा उरतात: भीमाशंकरच्या बाजूचं आहुपे आणि सिंधुदुर्गातली आंबोली.

अंतराने निम्मा निकाल तिथेच लागतो. भीमाशंकर पुण्याहून सुमारे ११० किलोमीटर. आहुप्याला मंचर, घोडेगाव करत डिंभे धरणाच्या कडेकडेने जायचं. सकाळी सहाला निघालात तर दुपारच्या जेवणाआधी गावात. आंबोली साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत सात-आठ तास. एका मुक्कामासाठी आंबोलीला जाऊ नका. अर्धी सुट्टी गाडीत जाते आणि थकलेल्या पायांनी ओल्या दगडांवर चालणं धोक्याचं.

धबधबे मात्र आंबोलीचेच जास्त सोयीचे. मुख्य धबधबा रस्त्यालगतच आहे, पायऱ्या चढून आई-वडीलही जाऊ शकतात. शनिवार-रविवार टाळा, घाटात गाड्या अडकून पडतात. माझा जीव जास्त रमतो तो नांगरतासला. तिथे पाणी अरुंद घळीत कोसळतं आणि कठड्याला हात लावला तरी थरथर जाणवते. कावळेसादला वाऱ्याने पाणी उलटं वर उडतं. तिथे कठड्याच्या पलीकडे पाय टाकायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच. आहुप्याला असा एक ठरावीक धबधबा नाही. कोकणाकडे सरळ तुटलेला कडा आहे आणि पावसात त्यावरून पांढऱ्या धारा सुटतात. धुकं उघडलं तर डोळ्यांचं पारणं फिटतं, नाही उघडलं तर दोन दिवस फक्त आवाज ऐकायचा. ही जोखीम मान्य असेल तरच जा.

आता रात्र. दोन्हीकडे खरी मजा रात्रीच आहे, आणि दोन्हींत निवड करायला मला इथेच सर्वात जड जातं. भीमाशंकरच्या अंजनी-जांभळाच्या जंगलात भर पावसाळ्यात कुजक्या फांद्यांवर चमकणारी बुरशी येते. स्थानिक वाटाड्याला घेऊन थोडं आत जायचं, बॅटरी बंद करायची आणि गप्प उभं राहायचं. आधी काहीच दिसत नाही. पाचेक मिनिटांनी डोळे सरावले की पायाशी पडलेली काटकी हिरवट उजळलेली दिसते, मग शेजारची, मग अख्खं खोड. अमावास्येच्या जवळपासचे दिवस धरा. आंबोलीत रात्र बेडकांची. पाण्यावर झुकलेल्या पानांना मलबारी उडत्या बेडकाचं पांढऱ्या फेसाचं घरटं चिकटलेलं असतं. पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात टपकतात. बाजूच्या फांदीवर चापडा हा विषारी साप निवांत बसलेला असू शकतो, म्हणून हात कुठेही टेकवू नका. आंबोली टोड हा छोटा बेडूक तर या परिसराबाहेर जवळजवळ कुठेच नाही आणि रात्री गाड्यांखाली चिरडला जातो. अंधार पडल्यावर गाडी काढूच नका, पायी फिरा. सकाळी हिरण्यकेशीच्या उगमावर जा. तिथल्या कुंडात २०२० साली माशाची नवी जात नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. त्या पाण्यात साबण, निर्माल्य काही टाकू नका.

तंबूबद्दल स्पष्ट सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हीकडे उघड्यावर तंबू लावू नका. आहुप्याच्या कड्याजवळ मी एकदा हट्टाने लावला होता. रात्री दोनला कोकणातून वर चढलेल्या वाऱ्याने वरचं कापड फाडलं, खुंट्या चिखलातून सुटल्या आणि आम्ही भिजत गावात आलो. एका महादेव कोळी कुटुंबाने ओसरी मोकळी करून दिली, चुलीपाशी कपडे वाळवले. तेव्हापासून मी आधी फोन करून घर ठरवतो आणि तंबू लावलाच तर अंगणात, त्यांना विचारून. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. आंबोलीत तर भर पावसात तंबू वाळतच नाही, त्यामुळे तिथे पडवी असलेलं घरच बघा. खरोखर तंबूत झोपायचं असेल तर सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरची सुरुवात. तेव्हा आंबोलीच्या धबधब्यांना पाणी असतं. आहुप्याच्या कड्यावरच्या धारा मात्र पाऊस थांबला की लवकर बारीक होतात, कारण वर पाणी साठवणारं क्षेत्र थोडं आहे.

जळवा दोन्हीकडे. गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे आणि पुडीत मीठ, एवढं पुरतं. ओढून काढू नका.

ओढ्यात उतरलात आणि पाणी अचानक गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहून यायला लागला, तर डोक्यावर ऊन असलं तरी त्याच क्षणी काठावर या. वर कुठेतरी कोसळलेला पाऊस तुमच्यापर्यंत पोचत असतो.

एक मुक्काम, तरुण मंडळी, चालायची हौस: आहुपे. दोन मुक्काम, सोबत लहान मुलं किंवा वडीलधारी माणसं: आंबोली. मला स्वतःला वर्षात एकदाच जायला मिळणार असेल तर मी तीन दिवस काढून सप्टेंबरअखेर आंबोली धरीन, आणि येताना आजऱ्याहून घनसाळ तांदूळ घेऊन येईन.