फुल-स्टॅकची फी भरण्याआधी पॉम फाइल उघडा

पुण्यातल्या जावा फुल-स्टॅक (वेबसाइटची दिसणारी आणि सर्व्हरची, दोन्ही बाजू लिहायला शिकवणाऱ्या) क्लासांमधली फसवणूक बहुतेकदा एकाच वळणाने जाते. काउन्सेलर तोंडी सांगतो 'शंभर टक्के प्लेसमेंट'. सहीच्या कागदावर मात्र 'प्लेसमेंट असिस्टन्स' असतं, म्हणजे चार ठिकाणी रिझ्युमे पाठवला की ते मोकळे.

मग फी. समजा ९०,००० रुपये. "काका, एकरकमी कशाला? महिन्याला साडेसात हजार, बिनव्याजी," असं वडिलांना म्हणत टॅबवर मुलाचं आधार-पॅन टाकतात आणि ओटीपी मागतात. तो ओटीपी फीचा नसतो, कर्जाचा असतो. फायनान्स कंपनी पैसे क्लासला देऊन मोकळी होते आणि हप्ते मुलाच्या नावावर राहतात. तिसऱ्या महिन्यात ट्रेनर सोडून गेला, अगदी क्लासला कुलूप लागलं, तरी हप्ता सुटत नाही. थकवला तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जासाठीची पत, बिघडतो. म्हणून ओटीपीआधी केएफएस, म्हणजे कर्जाच्या अटींचा 'की फॅक्ट स्टेटमेंट' हा कागद मागा. त्यात खरा वार्षिक दर आणि कूलिंग-ऑफची, म्हणजे कर्ज परत करून मोकळं होण्याची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, फार तर प्रोसेसिंग फी जाते. मुदत फार छोटी असते, तेव्हा क्लासला आणि फायनान्स कंपनीला त्याच दिवशी मेल करा.

शिकवतात काय, हे ब्रोशरवरून कळत नाही. मागच्या बॅचचा प्रोजेक्ट मागा आणि त्यातली पॉम.एक्सएमएल उघडा. प्रोजेक्टमध्ये कुठली लायब्ररी कुठल्या व्हर्जनची आहे, ते या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्यात स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या 'पेरेंट' नोंदीखाली २.७ किंवा त्याहून जुना आकडा असेल तर सावध व्हा, २.७चा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३मध्ये संपला. ३.०पासून किमान जावा १७ लागतं आणि डेटाबेससाठीच्या 'जावाएक्स.पर्सिस्टन्स' पॅकेजचं नाव 'जकार्ता.पर्सिस्टन्स' झालं. जुन्या नोट्समधली एन्टिटी (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला कोड) नव्या प्रोजेक्टमध्ये पेस्ट केली की पहिल्याच इम्पोर्टखाली लाल रेघ येते. सिक्युरिटीच्या धड्यात 'वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअ‍ॅडाप्टर' दिसला तर कोडमधला तो जावा क्लास स्प्रिंग सिक्युरिटी ६मधून काढूनच टाकला आहे. आता त्याऐवजी सिक्युरिटीफिल्टरचेनचा बीन (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) लिहितात. कंपन्यांमध्ये जुना कोड अजून चालतो, हे खरं. पण 'हे जुनं आहे' असं सांगून शिकवणं वेगळं आणि लेटेस्ट म्हणून खपवणं वेगळं.

सगळ्यात महागात पडतो तो शेवटचा सल्ला: "फ्रेशरला कोण घेतंय? दोन वर्षांचा अनुभव दाखवू." अनुभवपत्र आणि पगारपावत्यांचे पैसे वेगळे. बॅकग्राउंड तपासणीत यूएएनची (पीएफच्या क्रमांकाची) सर्व्हिस हिस्टरी बघतात, पीएफ नसेल तर २६एएस या आयकराच्या नोंदपत्रातला टीडीएस. दोन्ही कोरे निघाले की ऑफर रद्द, आणि अहवाल उशिरा आला तर लागलेली नोकरीही जाते. खोटा कागद उमेदवाराने दिलेला असतो, क्लास नामानिराळा.

फसलाच असाल तर हप्ता परस्पर बंद करू नका. आधी फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. क्लासविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५. कोचिंगच्या जाहिरातींत नोकरीची खोटी हमी देण्याला नोव्हेंबर २०२४च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे, त्यामुळे जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि काउन्सेलरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तक्रारीआधीच जपून ठेवा. भांडण सुरू झाल्यावर 'डिलीट फॉर एव्हरीवन' व्हायला वेळ लागत नाही.