बांधावर तार ओढू की करवंद लावू? खानदेशातल्या कुंपणाचा हिशेब

कुंपण कसलं घालू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, तुमच्या शेतात शिरतं काय? सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरं शिरतात. तापीकाठच्या केळीवाल्याला मे महिन्यातला वारा रडवतो. पारोळा-शिंदखेड्याकडच्या कोरडवाहू कापसात मोकाट गुरं आणि शेळ्या घुसतात. यातलं तुमचं दुखणं कोणतं ते ठरलं की निम्मा निर्णय झालाच.

तारेचं मोठं सुख हे, की आज ओढली की आजच कुंपण तयार. पण हिशेब मांडा. एक एकराचं चौरस शेत धरलं तर घेर साधारण ८३५ फूट भरतो. दहा फुटांवर एक खांब म्हटलं तर ८४ खांब, आणि चार पदरी काटेरी तार म्हणजे किलोमीटरभर तार. गावातले भाव विचारून गुणाकार करा. एवढं करून गाय-बैल थांबतात. डुक्कर खालून जातं, शेळी दोन पदरांमधून अंग चोरून जाते, आणि वारा तर थांबायचा प्रश्नच नाही. माझे सासरे म्हणायचे, "तार काय सावली देस का?"

डुकरांचाच त्रास असेल तर सोलरवरचं झटका मशीन, म्हणजे तारेत थांबून थांबून हलका विजेचा झटका सोडणारं यंत्र, नुसत्या तारेपेक्षा सरस. फक्त तारेखालचं गवत सतत कापत राहावं लागतं, कारण ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो आणि पावसाळ्यात, नेमकं गरज असते तेव्हाच, मशीन नुसतं टिकटिक करतं. घरच्या लाइनीवरून तारेत करंट सोडण्याचा विचारही मनात आणू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात पहिला जीव जातो तो बऱ्याचदा घरच्याच माणसाचा.

आता झाडांचं कुंपण. याला दाट व्हायला तीन पावसाळे लागतात आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. ते जमणार नसेल तर रोपं आणूच नका, मे महिन्यात ४४-४५ अंशांत ती उभी जळतात. शिवाय जागा जाते. चार फूट रुंदीचं कुंपण एक एकराच्या चारही बाजूंनी घातलं तर जवळपास आठ टक्के जमीन त्यात जाते. तेच चार एकरांच्या सलग तुकड्याला चार टक्क्यांच्या आत बसतं. म्हणून लहान तुकडेवाल्याला मी चारही बाजूंचा आग्रह कधीच करत नाही. पश्चिमेची बाजू आधी धरा, उन्हाळी वारा बहुतेक तिकडूनच येतो.

आमच्या चोपडा तालुक्यातल्या शेताच्या पश्चिम बांधावर निरगुडी आणि करवंदाची दुहेरी ओळ आहे, सध्या आठेक फूट उंच. दक्षिणेची बाजू उघडी. मागच्या मे महिन्यात वारा सुटल्यावर दुपारी फिरून पाहिलं. उघड्या बाजूच्या केळीची पानं शिरेपासून चिरून सुतळीच्या झुपक्यासारखी लोंबत होती. कुंपणाच्या आडच्या ओळींत तीच पानं अख्खी, फक्त कडा करपलेल्या. पण हा आडोसा फार लांब पुरत नाही. कुंपणाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा चांगला मंदावतो, म्हणजे आठ फुटांचं कुंपण ऐंशी फुटांपर्यंत. पुढे उंच आडोसा हवा, म्हणून केळीभोवती शेवरी लावायची आपली जुनी रीत बरोबरच होती. हिरवी जाळी आणि जुन्या साड्या एका हंगामापुरत्या भागवतात. आणि भिंतीसारखं गच्च काही नको. वारा थोडा गाळून जाऊ द्यावा लागतो, नाहीतर तो वरून उडी घेऊन पलीकडे भोवरा करतो.

तारेच्या आणि झाडांच्या तुलनेत जे कधी रुपयांत मांडलं जात नाही, ते मला जास्त मोलाचं वाटतं. निरगुडी फुलली की मधमाश्यांची अखंड गुणगुण असते. कोतवाल कुंपणाच्या शेंड्यावर बसतो, कापसावर झेप घेतो, अळी चोचीत धरून परत त्याच फांदीवर. पिकावरची कीड खाणाऱ्या ढालकिड्यांना आणि कोळ्यांना फवारणीच्या दिवसांत दडायला तीच एक जागा उरते. बांधाची माती मुळांनी धरून ठेवली जाते, मोठ्या पावसात बांध फुटत नाही. पण खोटी आशा लावायची नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, तिथे पक्ष्याचं काही चालत नाही. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे कामगंध सापळे लावावेच लागतील.

केळीवाल्यांनी एक गोष्ट नीट ऐका. कुंपणावर कारली, तोंडली, रानकाकडीचे वेल चढू देऊ नका. हरण्या रोगाचा विषाणू काकडीवर्गीय वेलांत टिकून राहतो आणि मावा तो केळीवर आणतो. वेल दिसला की मुळासकट उपटा.

जाती निवडताना मी चुकले आहे. एका रोपवाटिकेतून "कुंपणाची गावरान झाडं" म्हणून आणलेली रोपं विलायती चिंच निघाली. दोन वर्षं पाणी घातल्यावर कळलं. सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, घायपात, विलायती बाभूळ, सगळी मूळची अमेरिकेकडची. ग्लिरिसिडियाचा पाला खताला उत्तम, त्यामुळे त्याला माझा विरोध नाही. पण विलायती बाभूळ बांधावर एकदा घुसली की नातवंडांपर्यंत निघत नाही. आपल्या मातीतलं हवं तर कोरडवाहूला तरवड आणि निरगुडी, दोन्हींना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. गुरं-डुकरांच्या वाटेवर सागरगोटा, त्याचे आकडे एकदा अंगात रुतले की जनावर पुन्हा तिकडे फिरकत नाही. मधूनमधून करवंद, बोर, हिंगणबेट. खैर लावणार असाल तर पुढे तोडायला परवानगी लागते, हे आधीच ध्यानात ठेवा.

सापाची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. विहिरीकडच्या आणि पायवाटेच्या बाजूला बुडाचा फूटभर भाग साफ ठेवा. धामण दिसली तर जाऊ द्या, ती उंदरांच्या मागे असते.

शेजाऱ्याशी मात्र आधी बोला. बांधाचा वाद असेल तर मोजणी होईपर्यंत एकही रोप लावू नका, आणि लावाल ते तीन फूट आत. कुंपणालगतच्या एक-दोन ओळी कमी पिकतात. पिकाच्या बाजूने दोन फूट खोल चर काढून दरवर्षी मुळं तोडली की बरंच निभावतं.

मला आज नव्याने ठरवायचं असतं तर कोरडवाहू कापसात मी तारेवर पैसा घातला नसता. डुकरांच्या शिवारात केळी असती तर तीन वर्षांसाठी झटका मशीन बसवलं असतं आणि पहिल्याच पावसात त्याच्या आत दोन-अडीच फुटांवर झाडांची ओळ धरली असती, फांद्या तारेला टेकणार नाहीत इतकी दूर. दुहेरी ओळीत दीड-दीड फुटावर रोप म्हटलं तर एकराच्या पूर्ण घेराला अकराशे रोपं लागतात, एका बाजूला पावणेतीनशे. विकत कशाला घ्यायची? निरगुडी फांदीने लागते. सागरगोट्याचं बी टणक, दगडावर घासून रात्रभर भिजवावं. करवंदाचं बी मात्र वाळवून ठेवलं की उगवण जाते, म्हणून मे-जूनमध्ये पिकलेली करवंदं खाऊन झाली की बिया त्याच दिवशी पिशव्यांत टाका.