काकवीचा ड्रम आणि जित्तं आमिष : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मरळ धरायला गळाला लावायचं जित्तं आमिष, म्हणजे बारीक मासे, जगवून ठेवायला परसात टाकी केली. खर्च सगळा मिळून दोन हजार तीनशे रुपये आला. त्यात पहिल्या दीड महिन्यात मेलेल्या माशांचे पैसे धरलेले नाहीत. ते धरले तर बाजारातनं मरळ विकत आणून खाल्ली असती तरी परवडली असती, असं घरात अजून ऐकवलं जातंय.

मी बेळगावच्या वडगावचा. सुट्टीदिवशी गळ घेऊन मार्कंडेय नदीच्या काठाला नाहीतर हिडकल धरणाच्या पाण्यावर जायचं, हा जुना नाद. पिठाच्या गोळीला रोहू लागतो, गांडुळाला काहीबाही लागतं. मरळीचं तसं नाही. ती शिकारी, तिच्यासमोर काहीतरी तडफडत पाहिजे. आणि पहाटे पाचला बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, कोण देणार? आदल्या संध्याकाळी आणून बादलीत ठेवली तर उजाडेपर्यंत निम्मी पोट वर करून तरंगायला लागतात. म्हणून गेल्या दिवाळीनंतर परसात टाकी करायला घेतली. आता गणपती झाले.

पहिला प्रयोग फसला तो शहाणपणामुळं. कपडे धुवायचा जुना फुटका हौद होता, त्याला आतून सिमेंटचा गिलावा मारला आणि आठवड्यात पाणी भरून तीस बोटुकल्या सोडल्या. तीन दिवसांत एक राहिली नाही. नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं, पाण्याचा पीएच, म्हणजे क्षारपणा, चढतो, आणि चढलेल्या पीएचमध्ये माशांच्या अंगातनं निघणारा थोडासा अमोनियासुद्धा जहाल होतो. हौद भरायचा, ओतायचा, परत भरायचा, असं काही आठवडे करायला पाहिजे होतं. तेवढा दम माझ्यात नव्हता. त्या हौदात आता आईनं अळू लावलंय.

मग २०० लिटरचा निळा ड्रम आणला. आधी त्यात काकवी होती. ड्रम घेताना आत काय होतं ते विचारूनच घ्या. औषधाचा, रंगाचा, ॲसिडचा कितीही स्वस्त मिळाला तरी नको, प्लास्टिकात मुरलेलं धुऊन जात नाही. चौकोनी टाकीपेक्षा गोल बरी पडते. घाबरलेले बारीक मासे कोपऱ्यात घुसून एकमेकांवर चढतात, नाकाडं फोडून घेतात. गोलात ते फिरत राहतात. नळाची तोटी पितळेची लावणार होतो, पण तांबं पाण्यात उतरलं तर माशाला आणि त्याहून जास्त झिंग्याला बाधतं, म्हणून प्लास्टिकचीच बसवली.

फिल्टर घरीच केला. तेलाच्या पंधरा किलोच्या बादलीला बुडाशी भोकं, त्यात खाली धुतलेली खडी, मध्ये भांडी घासायच्या नायलॉनच्या जाळ्या वीस-पंचवीस, वर फोम. ही बादली ड्रमच्या तोंडावर दोन फळ्या टाकून ठेवलीय. ड्रमच्या तळाला कूलरचा १८ वॅटचा पंप. तो पाणी बादलीत चढवतो आणि गाळलेलं पाणी वरनं धारेनं खाली पडतं, त्यातनंच निम्मी हवा मिसळते. चोवीस तास चालला तर महिन्याला तेरा युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीजबिल माफ आहे, पण तीही आपापल्या जुन्या सरासरीच्या हिशेबानं, त्यामुळं आमच्याकडं या तेरा युनिटांवरनं दोन दिवस अबोला होता.

पंप फिरायला लागला, पाणी काचेसारखं दिसायला लागलं, आणि तरीही मासे मरत राहिले. रोज दोन, रोज तीन. दिसायला स्वच्छ म्हणून मी खूश, आणि कुठं मेलेला दिसला की सगळं पाणी ओतून, जाळ्या साबणानं घासून परत भरायचो. शेवटी मासे पाळायचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या अण्णांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. ‘पूर्ती नीर चेंज माडब्याड्री!’ म्हणजे सगळं पाणी बदलू नका. त्या खडीवर, जाळ्यांवर बॅक्टेरिया वाढतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट माशाला बरंच सोसतं. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दर आठवड्याला ती साबणानं मारत होतो. दही लागत नाही म्हणून रोज भांडं हलवून बघावं, तसला प्रकार.

तेव्हापासून पाणी पिकू दिलं. पाच चिलापी (तिलापिया मासे) सोडून ठेवल्या, त्या कशातही जगतात. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो, जाळ्या ड्रममधल्याच काढलेल्या पाण्यात हलक्या विसळतो. शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, ते क्लोरीन घातलेलं, म्हणून एक दिवस उघड्या टबात ठेवतो. घाई असेल तर क्लोरीन मारणाऱ्या हायपोचे दोन खडे. विहिरीचं पाणी असेल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, पण त्यात हवा कमी, बादलीनं उंचावरनं ओतून चांगलं घुसळून घ्यावं. अमोनिया बघायचे थेंब मिळतात: नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरव्याकडं झुकलं तर खायला बंद. जानेवारीच्या मध्यापासून मरतुक थांबली. चिलापी मात्र नंतर काढाव्या लागल्या, बोटुकल्यांच्या शेपट्या कुरतडायला लागल्या होत्या. त्या नदीत सोडल्या नाहीत, तळून खाल्ल्या. बाहेरचा मासा आपल्या पाण्यात सोडू नये, उरलेलं आमिषसुद्धा.

मग एप्रिल आला. एका रात्री वळीव झाला, अकराला लाइट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. उकाडा मरणाचा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागं नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात. आणि नेमका उकाड्यात मासा जास्त श्वास घेतो. मी झोपलेला. पाचला बॅटरी मारली तर साठातले चाळीस गेलेले, उरलेले पृष्ठभागाला तोंड लावून भकाभका हवा ओढत होते. त्यात हवेचा छोटा पंप मी खाली जमिनीवर ठेवलेला, लाइट गेल्यावर नळीतनं पाणी उलटं येऊन तोही जळाला. आता पंप पाण्याच्या पातळीच्या वर खिळ्याला टांगलाय, नळीला उलटं पाणी न येणारा व्हॉल्व्ह आहे, आणि स्कूटरच्या जुन्या बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा पंप शेजारी तयार असतो. १६० लिटर पाण्यात आता चाळीसच्या वर मासे ठेवत नाही. सगळ्या उद्योगातली एकच गोष्ट आधी करायची झाली तर ही बॅटरी करा, फिल्टर नंतर.

मृगाच्या पावसात ड्रम ओसंडला आणि डझनभर बोटुकल्या अंगणात. पोरांनी परातीत गोळा केल्या. मग कडेच्या खाली सांडीची नळी काढून तिला मच्छरदाणीचं कापड बांधलं. जुलैत एक दिवड येऊन बसली होती फळीवर, बिनविषारी, पण बायकोनं आठवडाभर परसात पाय ठेवला नाही. खंड्या तर कपड्याच्या दोरीवर मुक्कामालाच. आता हिरवी जाळी ताणून बांधलीय, तिची सावलीही पडते. डासांच्या अळ्या बघायला आलेल्या आशाताई ‘हे ओता आधी’ म्हणाल्या, मग आत वाकून बघितलं आणि हसल्या. मासे असलेल्या पाण्यात अळी कशाला राहतेय?

खाणं म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगपेंड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. जायच्या आदल्या दिवशी उपास, म्हणजे वाटेत बादलीतलं पाणी खराब होत नाही. मासा हातात घेताना हात ओला पाहिजे. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा दोन दिवसांत बुरशीनं जातो. गळ पाठीच्या काट्याच्या वर, परामागं, फक्त कातडीतनं काढायचा. कण्याला लागला की आमिष थंड.

आमिष कुठलं आणायचं? मी मत्स्यबीजवाल्याकडनं बोटुकल्या घेतो, शेताच्या कालव्यातनं झिंगे. बळ्ळारी नाल्यातलं काही आणू नका, शहराचं सांडपाणी आहे ते. एकदा आणले आणि ड्रममधले जुने मासेसुद्धा अंगावर पांढरे ठिपके येऊन गेले.

फेब्रुवारीपासून नऊ मरळी लागल्या. आधीच्या दोन वर्षांत मिळून चार लागल्या होत्या. पावसाळ्यात तांबड्या पिल्लांचा घोळका घेऊन फिरणारी मरळ दिसली तर तिथं गळ टाकत नाही, आई-बाप राखणीला असतात आणि कशावरही झेप घेतात, त्यात शिकार कसली.

पिठाच्या गोळीवर समाधानी असाल तर या भानगडीत पडू नका. मरळीचं वेड असेल आणि सकाळी पाच मिनिटं ड्रमपाशी उभं राहायची तयारी असेल तर जरूर करा. पंप सुरू असतो तेव्हा रात्री परसातनं ओढ्यासारखा आवाज येतो. आई म्हणते, तेवढा एक फायदा झाला, झोप लागते.