सांबर बघायला मोले की खोतीगाव?

दिवाळी उलटली की ओळखीपाळखीतून गोव्यातल्या या दोन अभयारण्यांबद्दल हा प्रश्न हमखास येतो. बोंडला मी यात धरत नाही. तिथे सांबर नक्की दिसेल, पण कुंपणाआड. नेत्रावळी आणि म्हादई या अभयारण्यांत वाट दाखवणारा सोबत नसेल तर नवख्याने शिरू नये. राहता राहिली ही दोन.

त्याआधी थोडं ओळखीबद्दल, कारण ‘केवढं सांबर दिसलं बघ’ म्हणून मोबाइलवर दाखवल्या जाणाऱ्या फोटोंत पुष्कळदा गवाच निघतो. जाड, वर वळलेली, फाटे नसलेली शिंगं असली की तो गवा. ती नराला असतात तशी मादीलाही असतात, आणि गळत नाहीत. सांबराची शिंगं नरालाच आणि तीही दरवर्षी गळून नवी येणारी. प्रत्येक शिंगाला साधारण तीन टोकं: एक कपाळालगत पुढे आलेलं, बाकी दोन शेंड्याशी फुटलेली. चितळालाही टोकं तीनच, पण ते अंगाने लहान, शिंगं सडपातळ आणि पाठीवर ठिपके; दिवसाउजेडी घोटाळा होत नाही. पंचाईत होते ती तिन्हीसांजेला, झाडीत नुसता काळा आकार उभा असतो तेव्हा. अशा वेळी मी आधी पाय बघतो. गव्याचे गुडघ्याखालचे पांढरे मोजे बऱ्याच अंधारातही कळतात. मग कान. सांबराचे कान मोठे, रुंद आणि सतत फिरते, त्यामुळे मादीसुद्धा ओळखता येते.

महिना मात्र नीट निवडा. उन्हाळ्यात पाणवठ्यावर जनावरं जास्त येतात हे खरं, पण मार्च-एप्रिलनंतर बऱ्याच नरांची शिंगं गळतात आणि बोडक्या डोक्याचं सांबर बघून पाहुणे हिरमुसतात. पावसाळ्यात मखमली कातडीखाली नवी शिंगं वाढतात, मग ती कातडी झाडांवर घासून उतरवली जाते. शिंगांसाठीच जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रानात गळलेलं शिंग सापडलं तर जिथे आहे तिथेच राहू द्या. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते सरकारी मालमत्ता आहे आणि ‘पडलेलं उचललं’ ही सबब चालत नाही.

आता मोले. सोयीच्या बाबतीत त्याला तोड नाही. पणजीहून, फोंड्याहून सरळ रस्ता, कुळ्याहून दूधसागरला जीपा, वाटेत तांबडी सुर्लाचं देऊळ, म्हणजे ज्यांना सांबरात रस नाही त्यांचाही दिवस सत्कारणी लागतो. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून 240 चौरस किलोमीटरचं रान. खोतीगाव जेमतेम 86. गवाही, माझ्या अनुभवात, मोलेत जास्त सहज दिसतो. हे सगळं कागदावर मांडलं तर मोलेच जिंकेल.

माझं घोडं अडलं ते आवाजापाशी. सांबर शोधायचं काम डोळ्यांपेक्षा कानांचं आहे. बिबट्याचा किंवा माणसाचा वास आला की ते जागच्या जागी थबकतं, पुढचा पाय जमिनीवर आपटतं आणि पितळी भोंग्यासारखा एकच ‘ढँक’ काढतं. थोडं थांबून पुन्हा. पहिल्या हाकेला दिशा कळते, दुसरीला अंतर, आणि मग नजर कुठे लावायची ते ठरतं. मोलेत नेमकी ती दुसरी हाक हातची जाते. अनमोड घाटातले भरलेले ट्रक पहाटेपासून गिअर बदलत कण्हत असतात. ते जरा थांबावेत तर कुळ्याहून कॅसलरॉककडे मालगाडी चढू लागते, मागे ढकलायला जादा इंजिनं लावलेली, आणि तिचा घरघराट दरीत कितीतरी वेळ घुमत राहतो. एकदा जीपवाल्याने गाणी लावली होती. विनंती केल्यावर त्याने ती हसत बंद केली. ट्रकला विनंती कोण करणार? जनावरांना त्या आवाजाची सवय झालीही असेल. मला होत नाही. तांबडी सुर्लाच्या अंगाला शांतता बरी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

खोतीगावला हायवे सोडून फाटकातून आत शिरलं की थोड्याच वेळात गाड्यांचा आवाज मागे पडतो. आतल्या वाड्यांपर्यंत डांबरी रस्ता आहे, वेळीप आणि कुणबी कुटुंबांची वस्ती आहे, कुठे तरी कुत्रं भुंकतं, एवढंच. एका संध्याकाळी तिथल्या ओहोळाच्या वरच्या अंगाला दोन हाका आल्या. सोबतच्या म्हाताऱ्याने मान न वळवताच सांगितलं, “गवो न्हय, मेरू.” म्हणजे गवा नव्हे, सांबर. खाली बघत राहिलो तर काठावर नर उभा. मानेचे केस चिखलाने चिकटलेले, एका शिंगात उपटलेल्या गवताचा झुपका अडकलेला, नाकपुड्या आमच्या दिशेने. मग शेपूट ताठ उभी राहिली आणि एवढं मोठं धूड वाळल्या पानांतून जेमतेम खसखस करत वर चढून गेलं. ट्रकच्या आवाजात त्या दोन हाका ऐकूच आल्या नसत्या, आणि आम्ही भलतीकडेच बघत बसलो असतो.

खोतीगावात रिकाम्या हाताने परतायचीही तयारी ठेवा. रान दाट आहे, नजर फार लांब पोचत नाही, आणि मचाणावर बसलात म्हणून काही दिसेलच असं नाही. चितळांचे कळप हवे असतील तर निराशा व्हायची शक्यता अधिक. पायी असताना समोर गवा आला तर फोटोचा मोह सोडून गुमान मागे सरका. सांबर पळून जातं, एकटा गवा जाईलच असं सांगता येत नाही.

लहान मुलं बरोबर असतील, हाताशी एकच दिवस असेल किंवा गवा दिसला तरी चालणार असेल, तर खुशाल मोलेला जा. सांबरच हवं असेल तर मी आपला खोतीगाव म्हणेन. फक्त मडगावहून सकाळी निघू नका, पोचेपर्यंत ऊन चढतं आणि सांबर केव्हाच गचपणात जाऊन बसलेलं असतं. आदल्या रात्री काणकोणात मुक्काम करा, आणि फाटक किती वाजता उघडतं ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.