आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर की डिफरन्शियल प्रोब?

महाप्याच्या एमआयडीसीत आमच्या बेंचवर एसएमपीएस (मेन्सवर चालणारा स्विचिंग पॉवर सप्लाय) दुरुस्तीला आला की, त्याची मेन्सकडची बाजू मोजायला यातलं काय वापरायचं, हा वाद ठरलेला. स्कोपच्या, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या, प्रोबची काळी क्लिप आतून थेट अर्थला जोडलेली असते. प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सशी थेट जोडलेल्या बाजूच्या, ग्राउंडला लावली की फट्! माझ्या एका क्लिपचे दात अजून काळे आहेत.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बोर्डाला मेन्स आणि अर्थपासून वेगळं करतो; त्या मानाने स्वस्त, दणकट. पण त्यावर बोर्ड लावायचा, स्कोप नव्हे. शिवाय क्लिप लावली की बोर्ड पुन्हा अर्थला बांधला गेला. मग ३२५ व्होल्टच्या कपॅसिटरला हात लागला तर ईएलसीबीही (अर्थकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत नाही.

डिफरन्शियल प्रोब महाग, पण तो दोन टोकांमधल्या व्होल्टेजचा फरक मोजतो, त्यामुळे अर्थच्या क्लिपची भानगडच नाही. प्रोब व्होल्टेज किती पट कमी करतो, ५० की ५००, ते स्कोपवर जुळवलं की झालं. माझं मत प्रोबलाच. क्लिपचा त्रास टाळायला स्कोपची अर्थ पिनच तोडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, प्लगच काढून ठेवतो.