नोकरकपातीनंतर मिळालेली मार्गदर्शन सेवा : जळगावहून घेतलेला तीन महिन्यांचा अनुभव

पुण्यातील ज्या कंपनीत मी जुलै 2014 पासून एका अमेरिकी विमा कंपनीच्या दाव्यांची छाननी करीत होतो, तिने मार्च 2024 मध्ये आमची संपूर्ण प्रोसेस, म्हणजे हे सगळे काम, खर्चकपातीसाठी फिलिपाइन्समधील मनिलाच्या केंद्राकडे वळवली आणि आम्हा सर्वांना कामावरून कमी केले. निरोप देताना कंपनीने स्वतःच्या खर्चाने तीन महिन्यांची ‘आउटप्लेसमेंट’ सेवा, म्हणजे नवी नोकरी शोधायला मदत, देऊ केली. तीत बायोडेटा तयार करून देणे, समुपदेशनाच्या पाच बैठका, मुलाखतीचा सराव आणि दर आठवड्याला रिक्त जागांची यादी एवढे होते. पुण्याचे भाड्याचे घर सोडून मी जळगावला आई-वडिलांकडे परतलो होतो, त्यामुळे सगळी सेवा इथूनच ऑनलाइन घेतली.

सर्वांत मोलाची ठरली ती दुसरी बैठक. ती केवळ ‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या सगळ्या रकमांच्या, हिशोबासाठी राखून ठेवली होती. समुपदेशक बाईंनी माझा कागद समोर घेऊन एकेक ओळ तपासली. माझे मूळ वेतन 52,000 रुपये होते. तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे त्याला 15 ने गुणून 26 ने भागले की वर्षाला 30,000 रुपये होत. कंपनीने नऊ वर्षे धरून 2,70,000 रुपये लावले होते. माझी सेवा नऊ वर्षे आठ महिन्यांची होती, आणि सहा महिन्यांहून अधिक भरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच दिवशी मी एचआरला मेल पाठवला आणि पुढील आठवड्यात उरलेले 30,000 रुपये जमा झाले. पदनाम ‘टीम लीड’ असले म्हणून माणूस आपोआप ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जात नाही, प्रत्यक्ष काम काय होते ते पाहिले जाते, हेही त्यांनीच समजावले. त्यामुळे नोकरी गेल्याबद्दल मिळालेली एकरकमी भरपाई मला तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील, कामगारांसाठीच्या, दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाशी ताडून पाहता आली. अमळनेरच्या मिलमध्ये आयुष्य काढलेल्या माझ्या थोरल्या काकांनी घरी येताच पहिला प्रश्न विचारला होता, ‘‘हिशोब पुरा भेटना का?’’ या बैठकीमुळे मी त्यांना होकार देऊ शकलो.

बायोडेटाने मात्र घोर निराशा केली. शेवटचे चार महिने मी मनिलातील सहा जणांना केटी देत होतो, म्हणजे आमचे काम शिकवत होतो, आणि दाव्यांतील सारे अपवाद नोंदवणारी 63 पानांची कार्यपद्धती लिहून दिली होती. 2014 मध्ये हेच काम ओहायोतील एका ज्येष्ठ बाईंनी मला व्हिडिओ कॉलवर, आमच्या मध्यरात्री, शिकवले होते आणि शिकवून होताच त्यांचीही नोकरी गेली होती. त्यांनी हातचे काही राखले नव्हते, म्हणून मीही राखले नाही. दहा वर्षांतील माझे सर्वांत कठीण आणि सर्वांत चांगले काम हेच होते. ते बायोडेटात ‘हस्तांतरणात सहभाग’ एवढ्यात गुंडाळले गेले, आणि दोनदा दुरुस्ती मागूनही साचा बदलला नाही. शेवटी तो परिच्छेद मीच लिहिला, आणि पुढे प्रत्येक मुलाखतीत प्रश्न त्यावरच आले.

सोबत दिलेली पुस्तिकाही इकडच्या माणसासाठी लिहिलेली नव्हती. तीत अमेरिकेच्या 1988 च्या वॉर्न कायद्यातील, नोकरकपातीआधी द्यायच्या 60 दिवसांच्या लेखी सूचनेची आणि तिथल्या बेरोजगार भत्त्याची सविस्तर माहिती होती. भविष्य निर्वाह निधीचा उल्लेखही नव्हता. जागांच्या यादीत बंगळुरू, हैदराबाद, गुरुग्राम यांचीच गर्दी असे. जळगाव राहू द्या, नाशिकची एकही जागा तीन महिन्यांत आली नाही, आणि घरून करता येणारी कामे वेगळी काढून द्यावीत ही माझी विनंती नोंदवून घेण्यापलीकडे गेली नाही. मुलाखतीचा सराव ठीक होता.

कंपनी अशी सेवा देत असेल तर ती अवश्य घ्यावी, परंतु नोटीस पीरियड चालू असतानाच सुरू करून घ्यावी, कारण हिशोबातील चूक कामावर असताना लवकर सुधारते. हिशोबाची बैठक पहिल्याच आठवड्यात मागावी आणि त्या आधी कशावरही सही करू नये. मुदत संपली त्याच दिवशी माझे लॉगिन बंद झाले आणि सराव-मुलाखतींची चित्रणे त्यासोबत गेली, तेव्हा आपली सर्व कागदपत्रे दोन-तीन दिवस आधीच उतरवून घ्यावीत.