‘ताई, केस फार गळतात का हो?’

तुळशीबागेतून बाहेर पडताना एका बाईने हे विचारलं आणि मी थांबले. नीटनेटकी साडी, हातात भाजीची पिशवी. म्हणे, तिच्या जावेचे केसही असेच जायचे. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. जावेला गुण आलेलं जडीबुटीचं दुकान नेमकं दोन मिनिटांवर निघालं.

चेहऱ्याच्या लेपाला मंजिष्ठा, केसांना माका आणि जटामांसी. नावं ओळखीची. आमची आजी रिठे-शिकेकाईनेच न्हाऊ घालायची, मग संशय कशाचा येणार? ‘ही ४५, ही ६०, ही ८०,’ दुकानदार म्हणाला. शंभर ग्रॅमचा भाव असणार असं मी धरून चालले. तुम्हीही तेच धरलं असतं.

त्याने ५०, ४० आणि ६० ग्रॅम तोललं आणि वहीत लिहिलं: ५० × ४५. ती फुली मी पाहिली! एकतीस वर्षं बँकेत आकडे तपासले, आणि वाटलं काय, तर दुसऱ्या कुणाचा हिशोब असेल. तेवढ्यात मिक्सर सुरू झाला.

बिल ९,४५० रुपये. भाव ग्रॅमचा होता. ‘दळलेला माल परत घेत नाही, ताई.’ दारात दोन पोरं येऊन उभी राहिली, ती बाई गायब. ४५० ‘सोडले’ त्याने. ७,००० फोनवरून दिले, २,००० रोख. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारी मी, तिथे गप्प बसले.

वर काळी मेंदी फुकट. तीही लावली, कारण पैसे वसूल करायचे होते! कानामागे फोड आले. डॉक्टरांचे ७०० वेगळे. मेंदी केसांना लालसर रंग देते, वीस मिनिटांत काळाभोर देत नाही. तसं झालं तर त्यात बहुतेक पीपीडी, म्हणजे केसांच्या रंगातलं, अंगावर उठू शकणारं रसायन असतं, हे डॉक्टरांकडून कळलं.

चौकीत गेले. ‘तुम्ही स्वखुशीने दिलेत ना?’ पक्कं बिल नाही, म्हणून तक्रार नाही. अहो, पक्कं बिल देणारा असता तर मी चौकीत कशाला आले असते? तिथून एका सरकारी कार्यालयात पाठवलं. तिथे साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्या दिवशी ते भेटले आणि म्हणाले, हा विषय चौकीचाच. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मात्र दिली नाही. रिक्षालाच ४६० गेले. शेवटी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार क्रमांक तरी मिळवला.

‘किती ग्रॅमचा भाव?’ हे मोठ्याने विचारा, आणि एकूण रक्कम कागदावर आल्याशिवाय मिक्सरला हात लावू देऊ नका. पुडीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर नसेल तर ती तोंडाला फासू नका. रस्त्यात कुणी केसांची चौकशी केली तर सरळ चालू लागा, उद्धट ठरलात तरी चालेल.

डबा अजून ओट्यावर आहे. घरी मी ९०० सांगितलेत.